पद्मिनीचा मंद लाल दिवा : डायनामो, कट-आउट आणि कॉइलच्या वायरिंगच्या नोंदी

गाडी : प्रीमियर पद्मिनी, १९७८, १०८९ सीसी, जुन्या जीडी नंबरची. १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं), चार्जिंगला डायनामो. मूळचा रेग्युलेटर कधीच गेलाय. त्या जागी कुणीतरी दोन बॉबिनचा लुकास पद्धतीचा कट-आउट (डायनामोचा दाब आवरणारी आणि त्याला बॅटरीशी जोडणारी-तोडणारी पेटी) बसवलेला आहे : डी (डायनामो), एफ (फील्ड, म्हणजे डायनामोतली चुंबक करणारी गुंडाळी), ए (बॅटरी), ए१ (बाकीची गाडी) आणि ई (अर्थ) असे पाच स्क्रू. ठिकाण मये, तालुका डिचोली. ज्यांच्या गाडीत डायनामोऐवजी अल्टरनेटर आहे त्यांना यातला डायनामो-कट-आउटचा भाग उपयोगाचा नाही. कॉइलचा (प्लगच्या ठिणगीसाठी दाब वाढवणारी गुंडाळी) आणि अर्थिंगचा भाग मात्र तसाच्या तसा लागू पडेल.

१४ मे

तक्रारी आधी कागदावर उतरवल्या. गॅरेजात उभं राहिल्यावर त्यातली एखादीच आठवते आणि मेस्त्री त्या एकीचाच इलाज करतो.

एक, चार्जिंगचा लाल दिवा इंजिन वाढवलं तरी पुरता विझत नाही. दिवसा कळत नाही, रात्री राखेखालच्या निखाऱ्याएवढा दिसतो. दोन, हेडलाइटचे बल्ब टिकत नाहीत. तीन, बॅटरीचं पाणी फार लवकर आटतं. चार, तापलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. सेल्फ फिरतो, इंजिन उचलत नाही. ही चौथी तक्रार सगळ्यांत छळणारी, कारण मयेहून पणजीला जायचा माझा रस्ता चोडणवरून जातो आणि फेरीबोटीत इंजिन बंद करावं लागतं. रायबंदरला रॅम्प टेकतो, पुढच्या गाड्या उतरतात आणि मागच्या सगळ्या माझ्यामुळे अडकतात. खलाशी आता मला ओळखतात, धक्का मारायला न सांगता येतात.

गेल्या वर्षभरात यावर झालेला खर्च : नवी बॅटरी ४,९०० रुपये, नवी कॉइल १,१५० रुपये, पॉइंटचा (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) सेट २८० रुपये. फरक शून्य. आता सल्ला असा आहे की डायनामो रिवाइंड करा, नाहीतर मारुती ८०० चा अल्टरनेटर टाका.

यादी पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली. दिवा न विझणं म्हणजे चार्जिंग कमी. बल्ब जाणं आणि पाणी आटणं म्हणजे चार्जिंग जास्त. एकच दोष दोन्ही करणार नाही. म्हणजे दोष एकाहून जास्त आहेत आणि ते एकमेकांना झाकतायत. पुढे जे काही केलं ते या एका शंकेवरून.

१६ मे

पाना हातात घ्यायचा नाही, फक्त मीटर, असं ठरवलं. ७०० रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणला. काळ्या पिनेला तीनेक मीटर वायर जोडून ती थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला चिमट्याने लावली. बॉडीला लावली नाही, खुंटीलाच लावली. का, ते ३० मेच्या नोंदीत येईल.

इंजिन बंद, सगळं बंद : बॅटरी १२.५. ठीक.

चावी ऑन, इंजिन बंद, डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढून पॉइंट मिटलेले आहेत याची खात्री केलेली : बॅटरी १२.४, कॉइलच्या पॉझिटिव्हला ९.३.

तीन व्होल्टांहून जास्त वाटेतच गायब. आता पॉइंटमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ते उघडे ठेवले आणि पुन्हा मोजलं : कॉइलला १२.४! वर्षभर गॅरेजात जे मोजलं जात होतं ते हेच. "कॉइलला बारा येतात, सप्लाय ओके आहे." पॉइंट उघडे असले की कॉइलमधून करंटच वाहत नाही. करंट नाही तर सडलेल्या जोडावरही व्होल्ट पडत नाहीत. वायर मोजायची तर तिच्यातून करंट वाहत असतानाच मोजायची. (पॉइंट मिटलेले ठेवून चावी फार वेळ ऑन ठेवू नका. कॉइल तापते. मोजलं की लगेच बंद.)

इंजिन चालू, अंदाजे दोन हजार आरपीएमवर : बॅटरीवर १३.२. बॉनेटच्या आत वायरिंगचा जुडगा हलवला तर एकदम १५.९. सोडला तर पुन्हा तेरा-साडेतेरा. १५.९ ला बल्ब का जातात आणि पाणी का आटतं हे सांगायला नको.

आणखी एक : वायपर लावला की लाल दिवा थोडा उजळतो. हेडलाइट लावले तर तसं होत नाही. हे लिहून ठेवलं, अर्थ तेव्हा लागला नव्हता.

१७ मे

आधी डायनामोचा निकाल लावला, कारण रिवाइंडिंगचे साडेतीन हजार सांगितले होते.

डायनामोवरच्या डी आणि एफ दोन्ही वायरी काढल्या. दोन्ही खुंट्या तांब्याच्या तारेने एकमेकींना जोडल्या. मीटरची एक पिन त्या तारेला, दुसरी डायनामोच्या अंगाला. इंजिन सुरू करून आयडलिंगपासून अगदी हळू वाढवलं. हजाराच्या आसपास आकडा वीस व्होल्ट ओलांडून वर निघाला. तिथेच थांबवलं. या चाचणीत इंजिन भडकवायचं नाही, रेग्युलेटर वाटेत नसल्यामुळे व्होल्टेज कितीही चढतं आणि फील्डचं वाइंडिंग जळू शकतं. एखादाच व्होल्ट दिसला असता तर फील्डमध्ये दोष. वीस दिसले म्हणजे डायनामो खणखणीत.

हात लागलाच आहे म्हणून मागचं झाकण उघडलं. ब्रश अर्ध्याहून जास्त शिल्लक. कम्युटेटर काळवंडलेला होता, बारीक काचकागदाने पुसला. एमरी पेपर नको, त्याची पूड फटींत बसून शॉर्ट करते. मागच्या बुशला तेलाचे दोन थेंब. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला, थोडा ढिला होता, ताणला.

अल्टरनेटरबद्दल : ज्यांनी टाकलाय त्यांना मी नावं ठेवत नाही. आयडलिंगलाही चार्ज करतो, पावसात त्याचा फायदा आहे. पण वाटेतल्या सडक्या वायरी तशाच ठेवून टाकला तर जास्तीचे अँपिअर त्याच वायरींतून जाणार. आधी वाट नीट हवी.

२० मे

आज कॉइलची वाट. बॅटरीपासून कॉइलपर्यंत करंट असा जातो : सेल्फच्या सोलेनॉइडची खुंटी, तिथून कट-आउटचा ए, मग ए१, मग चावीचा स्विच, मग कॉइल. कागदावर. प्रत्यक्षात काय आहे ते बघायचं होतं.

भाचा मीटर धरून उन्हात, मी डॅशबोर्डखाली उताणा. मीटर व्होल्टवर ठेवून प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना पिना लावायच्या आणि चावी क्षणभर ऑन करायची. चांगल्या तुकड्यावर ०.०५ च्या आत यायला हवं.

"मामा, शून्य पूर्णांक एक." बॅटरी ते ए१.

"एक पूर्णांक चार." ए१ ते चावीच्या स्विचची बाहेर पडणारी खुंटी. यात एकट्या स्विचच्या पोटात १.१.

"शून्य पूर्णांक एक." कॉइलजवळचा जोड.

बेरीज १.६. हवे आहेत ३.१. दीड व्होल्ट कुठे गेले?

चावीच्या स्विचमधून निघालेली वायर कॉइलकडे न जाता खाली, गालिच्याखाली, ड्रायव्हरच्या सीटकडे गेली होती. सीटच्या चौकटीला आतून एक चोर-बटण. घरातल्या बेलला वापरतात तसल्या वायरीने जोडलेलं, जोड पिळून त्यावर टेप. टेपचा डिंक पाझरून काळा झालेला. बटणावर पिना लावल्या : १.५.

हे बटण कुणी कधी बसवलं ते घरात कुणालाच माहीत नाही. बोट लावलं तर कोमट लागलं. कॉइलमधून साधारण २.९ अँपिअर वाहतात, त्यावर दीड व्होल्ट म्हणजे चारेक वॅट उष्णता सीटखाली वर्षानुवर्षं.

आता तापलेल्या इंजिनाचं कोडंही उलगडतं. सेल्फ फिरताना बॅटरी दहाच्या जरा खाली येते, कॉइलला मिळतात जेमतेम सव्वासात. कॉइलमधली शक्ती करंटच्या वर्गावर ठरते. करंट पाऊण झाला की ठिणगी निम्म्याहून किंचितच जास्त उरते. सकाळच्या थंड इंजिनाला चोक असतो, तेवढ्यावर भागतं. बोटीत पाच-दहा मिनिटं तापून उभं राहिलेलं इंजिन तेवढ्यावर उचलत नाही.

आणि लाल दिव्याचंही. दिव्याचं एक टोक चावीच्या स्विचनंतरच्या वायरीला, दुसरं डायनामोच्या डीला. दोन्हींकडे सारखा दाब असला की तो विझतो. डायनामो पुरेसा दाब देत असला तरी स्विचच्या पलीकडे दीड व्होल्ट कमी, म्हणून दिवा उलट्या बाजूने किंचित पेटतो. वायपरही त्याच स्विचमधून जातो. तो लावला की स्विचमध्ये आणखी व्होल्ट पडतात आणि दिवा उजळतो. हेडलाइट त्या स्विचमधून जात नाहीत, म्हणून त्यांनी फरक पडत नाही. मंद दिवा चार्जिंगची तक्रार करत नव्हता, इग्निशनच्या वाटेची करत होता.

जाता जाता : डायनामोच्या गाडीत हा बल्ब गेला तरी चार्जिंग चालूच राहतं. अल्टरनेटरच्या बऱ्याच गाड्यांत तसं नसतं, तिथे बल्ब गेला तर अल्टरनेटर जागाच होत नाही.

२३ मे

म्हाप्शाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचंच होतं, तिथून सामान आणलं. अडीच चौरस मिलिमीटरची वायर ३२० रुपये. चावीचा स्विच ४२०. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) आणि तापवून आवळणाऱ्या नळ्या १९०. बॅटरीसाठी कट-ऑफ स्विच ३५०. दुकानदाराने दीड चौरसची वायर पुढे केली होती, "कॉइलला पुष्कळ आहे" म्हणून. कॉइलला पुरते, पण याच वाटेवर वायपर, हॉर्न आणि मीटरही आहेत.

थिंबल घेताना एक बघा. पितळी, कल्हई केलेली घ्या. बारीक पत्र्याची मिळतात, ती आमच्या दमट हवेत वर्षभरात हिरवी पडतात.

२५ मे

आधी बॅटरीची निगेटिव्ह खुंटी सुटी. या वाटेवर फ्यूज नाही. या गाडीतले चिनी मातीचे टोकदार फ्यूज दिवे-हॉर्नसाठी आहेत, कॉइल आणि चार्जिंग बिनफ्यूजचं. पाना एकदा घसरला तर हार्नेस पेटतो.

वायरींच्या रंगांवर विसंबलो नाही. तीन पिढ्यांचे रंग आहेत. प्रत्येक वायर काढण्याआधी औषधी चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर नंबर, आणि फोटो.

चोर-बटण काढून टाकलं. चोरी टाळायला बॅटरीच्या निगेटिव्हवर कट-ऑफ. बटणच हवं असेल तर ते रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आतल्या कॉइलला लावावं, मुख्य करंट त्यातून नेऊ नये. मी रिलेसुद्धा टाकला नाही, भर रस्त्यात बंद पडणारी एक वस्तू कमी.

जुना स्विच उघडून पाहिला. आतली पितळी पट्टी खड्ड्याखड्ड्यांची. घासून काम झालं असतं, पण स्प्रिंगही मऊ पडली होती. नवा बसवला. ए१ ते स्विच आणि स्विच ते कॉइल नवी वायर. जोड क्रिंप करून (पक्कडीने दाबून) वर कथलाचा हलका डाग आणि नळी. क्रिंप न करता नुसतं कथील ओतलेले जोड थरथरीने कथलाच्या कडेला तुटतात, असे दोन याच गाडीत सापडले.

मोजमाप, पॉइंट मिटलेले : बॅटरी १२.४, कॉइल १२.१. इंजिन चालू, वायपर चालू, अंधार : दिवा पूर्ण विझलेला.

स्विचमध्ये आधी पडणारे १.१ आता ०.०४.

२६ मे

चोडणवरून पणजी. बोटीत बंद केलं, रायबंदरला चावी फिरवली आणि पहिल्या उचलीत सुरू. खलाशाने पाठीमागून हात वर केला, धक्का मारायला पुढे आलेला होता.

परतीच्या वेळी पर्वरीला डावा हेडलाइट गेला. दुसरा दोष जिवंत आहे.

३० मे

अर्थिंग. डिचोलीत पूर्वी ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवणारे एक काका आहेत, आता निवृत्त. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी अर्ध्यातच तोडलं : "पयलीं अर्थ पळय रे, उपरांत बाकीचें." (आधी अर्थ बघ, मग बाकीचं.)

इंजिन ते बॉडी : मीटर इंजिनच्या ब्लॉकला आणि बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावून सेल्फ मारला. ०.९ व्होल्ट. चांगल्या गाडीत ०.२ च्या आसपास असावं. सेल्फ थोडा वेळ फिरवून चोकच्या केबलला हात लावला तर गरम. म्हणजे इंजिनचा अर्थ केबलमधून परत येत होता. गिअरबॉक्सजवळची विणलेली तांब्याची पट्टी बोटांनी चोळली तर हिरवी भुकटी. त्या जागी २५ चौरस मिलिमीटरची केबल, दोन्ही टोकांना दाबलेले थिंबल, २६० रुपये. खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आता ०.१५.

मग कट-आउट. इंजिन चालू ठेवून त्याच्या ई स्क्रूवर आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर मीटर : १.७, आणि आकडा स्थिर नाही. इथे शून्यच हवा. ईची काळी वायर आतल्या पत्र्याला स्क्रूने लावलेली. स्क्रू काढला तर थिंबलखाली जाडजूड रंग. मागच्या वर्षी पूर्ण गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं, तेव्हा पत्र्यावर रंग मारून त्यावरच वायर आवळलेली.

बल्ब कधीपासून जायला लागले ते जुन्या बिलांवरून पाहिलं. रंगकामानंतर दोन महिन्यांनी पहिला.

कट-आउटची व्होल्टेजची बॉबिन डी आणि ई यांच्यामधला दाब मोजून डायनामोला आवर घालते. ईच बॅटरीच्या निगेटिव्हपासून पावणेदोन व्होल्ट वर उचलली गेली तर बॉबिनला प्रत्यक्षाहून कमी दिसतं, ती उशिरा आवरते आणि गाडीत तेवढे व्होल्ट जास्त चढतात. रंगाचा थर कधी धरतो, कधी सोडतो, म्हणून जुडगा हलवला की आकडा उड्या मारत होता. मीटरची पिन थेट बॅटरीच्या खुंटीला लावल्यामुळेच हे दिसलं. त्याच पत्र्यावर कुठेतरी टेकवली असती तर इंजिनच्या अर्थातली घट या आकड्यात मिसळली असती.

रंग खरवडला, नवं थिंबल, आणि ईवरून एक जादा वायर सरळ इंजिनच्या अर्थ बोल्टाला. मीटर ०.०१.

१ जून

आणि आता चार्जिंगच नाही. दोन हजारांवर बॅटरीला १२.८. हेडलाइट लावले की १२.२. काल रात्री डिचोलीहून आलो, सकाळी सेल्फ जेमतेम फिरला.

इथे माणूस घाबरून कट-आउट फेकून नवा आणतो. मीही फोन उचलला होता, पण आधी टॉर्च घेऊन झाकण उघडलं. व्होल्टेजच्या बॉबिनच्या लॉक नटावर पान्याचे ताजे ओरखडे. कुणीतरी स्क्रू फिरवलेला. बल्ब जायला लागल्यावर गॅरेजात "चार्जिंग सेट केलं" असं सांगून दीडशे रुपये घेतले होते, ते आठवलं. खराब अर्थामुळे व्होल्ट चढले, ते उतरवायला स्क्रू ढिला केला, दोन चुका मिळून सरासरी बरोबर येत होती. मी एक चूक काढली, दुसरी उघडी पडली.

सेटिंग असं केलं. बॅटरी सुटी करून ए आणि ए१ वरच्या वायरी काढल्या, एकमेकींना जोडून टेप लावली, म्हणजे इंजिन नुसत्या बॅटरीवर चालतं आणि डायनामोवर लोड राहत नाही. बॅटरी पुन्हा जोडली. मीटर डी आणि ई यांच्यामध्ये. इंजिन हळू वाढवलं, आकडा चढत जाऊन एका जागी थरथरून थांबला, तो वाचला : १४.४. या जातीच्या कट-आउटला बिनलोडचा आकडा सोळाच्या आसपास लागतो, उष्ण हवेत किंचित खाली. स्क्रू घड्याळाच्या दिशेने किंचित, पुन्हा वाचन, पुन्हा किंचित. १५.९ वर सोडून लॉक नट आवळला. नट आवळताना सेटिंग हलतं, म्हणून शेवटी परत वाचायचं.

हे वाचन अर्ध्या मिनिटात उरकावं लागतं. बॉबिन तापली की आकडा घसरतो आणि आपण तापलेल्या आकड्यावर सेटिंग करून बसतो. दोन वाचनांमध्ये इंजिन बंद.

दुसरी बॉबिन, म्हणजे खरा कट-आउट, १२.९ ला मिटते. ती बरोबर आहे, हात लावला नाही.

वायरी परत जागेवर. दोन हजारांवर बॅटरीला १४.३, हेडलाइट लावून १३.६. जुडगा हलवला, आपटला, काही हलत नाही.

बिनलोडचे सोळा वाचून दचकू नका आणि ते बॅटरीवर दिसेपर्यंत स्क्रू पिळू नका. लोड आला की या कट-आउटची दुसरी गुंडाळी तो आकडा आपोआप खाली ओढते.

९ जून

पाऊस लागला. पहिल्याच सकाळी गाडी फडफडत सुरू झाली, तीन सिलिंडरवर. रात्री मांडवाखाली बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर प्लगच्या वायरींवरून निळ्या ठिणग्या अंगभर. वायरी बदलल्या, ६५० रुपये. डेल्कोच्या झाकणात दोन खुंट्यांमध्ये कोळशाची बारीक रेघ होती, ती खरवडून निघाली. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, एकेक वायर काढून एकेकच बसवली. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

१७ जून

अर्धा तास चालली की झटके. थांबून गार झाली की ठीक. वायरिंग संशयाबाहेर होतं : तापलेल्या अवस्थेत कॉइलला १३.८.

पॉइंट उघडून पाहिले, निळसर जळलेले, एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा. सावलीत इंजिन चालवून पाहिलं तर पॉइंटमध्ये पांढरी, मोठी ठिणगी. हे कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी आवरणारा भाग) खराब असल्याचं लक्षण. कंडेन्सर मात्र नवा, महिन्यापूर्वी ९० रुपयांना आणलेला. मीटरवर ०.२१ मायक्रोफॅरड, अगदी हवा तेवढा. केस वाळवायच्या मशीनने तापवला आणि आकडा नाचायला लागला, मधेच शून्य.

डब्यात टाकलेला जुना कंडेन्सर तापवून मोजला. ढिम्म हलला नाही. तोच परत लावला, झटके गेले. जादा म्हणून एक चांगला मुंबईहून मागवला, १४० रुपये. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तेव्हापासून टॅक्सीवाल्यांच्या खपावर चालणारी दुकानं हा माल कमी ठेवतात. चालू स्थितीतला जुना भाग नवा बसवल्यावर फेकू नका, चिठ्ठी लावून ठेवा.

५ जुलै

हिशेब. मीटर ७००, वायर ३२०, स्विच ४२०, कट-ऑफ ३५०, थिंबल-नळ्या १९०, अर्थची केबल २६०, प्लगच्या वायरी ६५०, कंडेन्सर दोन मिळून २३०. एकूण ३,१२०. गेल्या वर्षी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवर ६,३३० गेले होते. त्यातली बॅटरी उकळून उकळून अशक्त झाली आहे. दोन कप्प्यांत हायड्रोमीटर कमी दाखवतो, दिवाळीपर्यंत ओढेल असं वाटतं.

बाकी राहिलं ते डायनामोचं मूळचं दुखणं. पावसात रात्री हेडलाइट ९० वॅट, मागचे-बाजूचे दिवे पंचवीसेक, वायपर तीसेक, कॉइल सरासरी पंचवीस. बेरीज १७० वॅट, म्हणजे चौदा अँपिअर. लुकासच्या या आकाराच्या डायनामोची मर्यादा २२ अँपिअर, तीही इंजिन नीट फिरताना. आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. पर्वरीच्या कोंडीत तासभर अडकलो तर ते चौदा अँपिअर बॅटरीतूनच जातात. कोंडीत हेडलाइट उतरवून पार्किंगवर येतो आणि गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन थोडं वाढवतो. लाल दिवा आयडलिंगला पेटतो आणि वाढवलं की विझतो, डायनामोच्या गाडीत ते योग्यच आहे, त्यामागे लागू नका.

२ ऑगस्ट

पावसाच्या ऐन मध्यातलं वाचन, सगळं लावून, दोन हजारांवर : बॅटरी १३.४, कॉइल १३.१, ई ते निगेटिव्ह ०.०२, सेल्फ मारताना ब्लॉक ते निगेटिव्ह ०.१७. मे अखेरीपासून एकही बल्ब गेलेला नाही. पाणी एकदाच थोडं घातलं.

हेडलाइटच्या स्विचमध्ये अजून ०.८ व्होल्ट पडतात. बल्ब पिवळट दिसतात ते त्यामुळे. तिथे मात्र दोन रिले टाकणार आहे, लो आणि हायला वेगळे, प्रत्येकाला फ्यूज, चार चौरसची वायर थेट ए१ वरून. चवथीच्या आधी व्हायला हवं, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायच्या फेऱ्या अंधारातच होतात. रिलेच्या ८५ नंबरच्या पिनेचा अर्थ पत्र्याला न देता इंजिनच्या त्याच बोल्टावर आणायचा, एवढं आधीच चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवलंय.